बुडबुडा असलेली स्लाइड

बाईंनी आपला गाल आतून जितक्या वेळा खरवडला, तितक्या वेळा काही पुरुषांनी आयुष्यात दाढीही केली नसेल. दरवर्षी नवा वर्ग प्रयोगशाळेत यायचा, टेबलांवर मायक्रोस्कोप मांडलेले असायचे, आणि आज आपल्याच गालातल्या पेशी पाहायच्या आहेत म्हटलं की पोरांची तोंडं एवढीशी व्हायची. मग बाई एक स्वच्छ काडी घ्यायच्या, सगळ्यांसमोर आ करायच्या, डाव्या गालात आतून काडी फिरवायच्या, ती काचेवर पुसायच्या आणि विचारायच्या, की बघा, मेले का मी? त्यानंतर कुणाची टाळाटाळ चालत नसे.

शिकवण्याचा त्यांचा रस्ता ठरलेला होता. आधी रॉबर्ट हुक. त्याने धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढला, भिंगाखाली धरला आणि त्याला मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक कोठड्या दिसल्या. इंग्रजीत पेशीला जे नाव आहे ते तिथलंच, कोठडीचं. पण त्याला दिसलं काय, असं बाई विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगायच्या. दिसल्या नुसत्या भिंती. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल, आत राहणारं केव्हाच निघून गेलेलं. बिचाऱ्याने रिकामं घर पाहिलं आणि साऱ्या जगाला पत्ता देऊन टाकला.

मग लेवेनहूक. हा गडी कापडाचा व्यापारी. त्याने स्वतःच भिंगं घासली आणि स्वतःच्याच दातांवरचा मळ खरवडून त्यात वळवळणारे जीव पाहिले. त्यांच्या पेशीत केंद्रकच नाही, म्हणून ते आदिकेंद्रकी. बाई त्यांना आपल्या तोंडातले बिनभाड्याचे भाडेकरू म्हणत. पुढे कांद्याचा पापुद्रा यायचा, विटांसारख्या रांगेत बसलेल्या पेशी, प्रत्येकीला भक्कम भिंत. आणि शेवटी गाल. माणसाच्या पेशीला भिंत नसते, नुसतं पातळ पटल. म्हणून कांदा रडवतो आणि माणूस रडतो, असं बाई म्हणायच्या आणि वर्ग हसायचा. दरवर्षी तोच विनोद, दरवर्षी तेच हसू.

त्यांना खरा राग यायचा तो पुढच्या धड्याला. पेशी पेशीतूनच जन्मते, हवेतून पैदा होत नाही, हे ज्याने आधी पाहून छापलं तो मागे पडला आणि दुसऱ्याच विद्वानाचं वाक्य जगभर गाजलं. हे सांगताना बाईंचा आवाज असा चढायचा, की चोरी जणू त्यांच्याच घरी झाली होती.

प्रयोगशाळेत त्यांचे नियम दोनच. जे दिसेल तेच काढायचं, पुस्तकातलं चित्र उतरवायचं नाही. आणि ज्याने त्याने आपलीच स्लाइड पाहायची. शेजारच्याची चांगली झाली म्हणून ती आपली म्हणून दाखवणारा पोरगा सापडला, की त्याची रवानगी थेट दाराबाहेर व्हायची.

अशाच एका वर्षी एका मुलीने कागदावर भलं मोठं गोल चित्र काढलं. जाड काळी कड, आत लख्ख पांढरं, आणि त्या कडेला बाण काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं, पेशीभित्तिका. बाईंनी तिच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि त्यांना हसू आवरेना. वरची पातळ काच ठेवताना हवा अडकली होती. हवेचा बुडबुडा पेशी समजणं ही प्रत्येक नवख्याची चूक, पण इतक्या श्रद्धेने बुडबुड्याचे भाग कुणी दाखवले नव्हते. मुलगी रडवेली झाली. तेव्हा बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की चित्र चुकलंय, पण हिने जे दिसलं तेच काढलंय. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी पुस्तकातली पेशी काढली आहे, ती मला इथून दिसतेय.

त्या दिवसापासून ती बुडबुडी झाली. शाळा सुटल्यावर काचा धुवायला थांबायची, रंगाच्या बाटल्या पुसायची, आणि प्रश्न विचारून बाईंचं डोकं खायची. बाईंना एकच मुलगा, त्याचं सगळं लक्ष गाड्यांच्या इंजिनात. पेशींवरचं त्यांचं सगळं प्रेम मग या पोरीच्या पदरात पडलं. ती डॉक्टरीला निघाली तेव्हा बाईंनी तिला एक कायमची स्लाइड करून दिली. आपल्याच गालातल्या पेशी, निळ्या रंगवलेल्या, बाल्समच्या, म्हणजे झाडाच्या पारदर्शक डिंकाच्या, चिकट थेंबात पातळ काचेखाली बसवलेल्या. आणि एका कोपऱ्यात, मुद्दाम, एक बुडबुडा राहू दिला. जिथे जाशील तिथे आधी हा बघ, मग बाकीचं, असं म्हणून ती त्यांनी तिच्या हातात ठेवली. बुडबुडी वाकून पाया पडली आणि स्लाइड रुमालात गुंडाळून घेऊन गेली.

वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा दुसऱ्या शहरात संसाराला लागला. बाई एकट्या राहत होत्या आणि कुणाचं काही ऐकत नव्हत्या. डाव्या गालात आतून पांढरट चट्टा उठला तेव्हा त्यांनी दाढेला दोष दिला. चट्ट्याची जखम झाली, तिखटच काय, कोमट चहासुद्धा झोंबायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी मुलाला फोन केला. तो त्याच दिवशी येऊन त्यांना घेऊन गेला. त्याच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात पेशी तपासणारी डॉक्टर होती ती बुडबुडीच. बाईंना हे कळलं तेव्हा अर्धं दुखणं पळालं.

खरवड तिनेच घेतली, आणि कणभर तुकडाही. हातमोजे चढवून ती समोर उभी राहिली तेव्हा बाईंनी सवयीने आ केला आणि मग दोघीही हसल्या. काडी फिरवून झाल्यावर बाईंनी तिचं मनगट धरलं.

"जे दिसेल ते सांगायचं. आधी मला, मग बाकीच्यांना. आणि स्लाइड मला दाखवायची."

"बाई, नियम तुमचाच आहे," बुडबुडी म्हणाली. "मी कशी मोडीन?"

एवढं बोलणं बाईंना पुरलं. मुलाकडे परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती. पण ती भीती त्यांना समजत होती. जे असेल ते आपल्याला कळेल, मग काय करायचं ते आपण ठरवू. गाल आपला आहे, उरलेलं आयुष्यही आपलंच आहे. हे एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मिळणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. सून रोज मऊ भात करून द्यायची, मुलगा कामावरून आला की आधी त्यांच्या खोलीत डोकवायचा. एक दिवस तो जरा जास्तच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, काही नाही, तू झोप.

निकालाच्या दिवशी मुलगा आधी वर जाऊन येतो म्हणाला, लिफ्ट चालू आहे का ते बघून. त्याला यायला बराच वेळ लागला. आल्यावर तो म्हणाला, की तुझी बुडबुडी वाट बघतेय, तू जा, मी बाहेर बाकावर बसतो. तुमच्या पेशींच्या गप्पांत मला काय कळणार!

खोली छोटी होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा दोन जोड डोळ्यांचा मायक्रोस्कोप, बाजूला स्लाइड्सचे पातळ ट्रे. ट्रेमधल्या काचांवर गुलाबी, हिरवट, नारिंगी डाग वाळलेले. बाईंनी ते येता येता पाहिले आणि त्यांना बरं वाटलं; शाळेत त्यांच्याकडे एकच निळी बाटली असायची. बुडबुडीने खुर्ची पुढे केली. मायक्रोस्कोपचा दिवा लागलेला होता, स्लाइड लावून ठेवलेली होती. काळजीचं कारण नाही, बाई, साधं तोंड आलंय, असं ती म्हणाली, आणि तुम्हीच बघा म्हणत बाजूला झाली.

बाईंनी चष्मा काढला आणि डोळे टेकवले.

पेशी होत्या. पसरट, मोठ्या, कडेला कागदासारख्या दुमडलेल्या, आणि प्रत्येकीच्या मध्यावर एक छोटंसं गोल केंद्रक, जिथे असायला हवं तिथे आणि जेवढं असायला हवं तेवढंच. बाईंनी आयुष्यभर पोरांना दाखवल्या तशाच. आपण किती घाबरलो होतो ते त्यांना आत्ता कळलं. घरी गेल्यावर गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं, शेजारणीकडे दिलेली किल्ली परत घ्यायची, असली भलतीच कामं एकदम डोक्यात गर्दी करू लागली.

आणि जुन्या सवयीने त्यांचा हात स्लाइडकडे गेला.

"राहू द्या ना बाई, फोकस जाईल," बुडबुडी घाईने म्हणाली.

फोकस जाईल! हे कुणाला सांगतेय ही? बाईंनी मनातल्या मनात तिला एक टपली मारली आणि स्लाइड हलकेच डावीकडे सरकवली. मायक्रोस्कोपात सगळं उलटं चालतं, डावीकडे ढकललेलं उजवीकडे जातं. पेशी उजवीकडे सरकल्या आणि डाव्या कडेने एक जाड काळी रेघ आत आली. रेघ वळत गेली. तिचा गोल झाला.

"अगं, तुझ्या एवढ्या मोठ्या लॅबमध्ये अजून बुडबुडे राहतात?" बाई डोळे न उचलता हसून म्हणाल्या.

बुडबुडीची पावलं मागे सरकल्याचं ऐकू आलं.

मग बाईंनी नीट पाहिलं. पेशी निळ्या होत्या, नुसत्या निळ्या. ट्रेमध्ये गुलाबी आणि हिरवट रंग होते, इथे ते नावालाही नव्हते. तो निळाही धुऊन धुऊन विटलेल्या गणवेशासारखा झालेला. बुडबुड्याच्या कडेला बाल्सम पिवळा पडला होता, आणि बाल्सम आठ दिवसांत पिवळा पडत नाही, त्याला वर्षं लागतात. बुडबुड्याला लागून दोन पेशी एकमेकींवर दुमडून बसल्या होत्या. ती जोडी बाईंनी ओळखली. पातळ काच ठेवताना तीच जागा त्यांनी निवडली होती, कारण पोरीला पेशी आणि बुडबुडा शेजारी शेजारी दिसावेत.

त्यांनी डोकं वर केलं. बुडबुडी खिडकीकडे पाहत होती. तिचे केस कानांजवळ पांढरे व्हायला लागले होते, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

"ही कुणाची स्लाइड?"

"तुमचीच, बाई."

"ते मला दिसतंय. माझा कोणता गाल आहे हा? पंचवीस वर्षांपूर्वीचा?"

त्यावर बुडबुडी मटकन स्टुलावर बसली आणि मग सगळं बाहेर आलं. बाई स्लाइड पाहायला मागणारच, हे तिला ठाऊक होतं. काहीतरी दाखवणं भाग होतं. कपाटात निरोगी गालांच्या स्लाइड्स पडल्या होत्या, कालच्याच, याच रंगांच्या. त्यातली एखादी लावली असती तर काम भागलं असतं. तिने एक काढलीही होती. पण दुसऱ्याची स्लाइड बाईंची म्हणून लावायला तिचा हात धजला नाही. मग तिने टेबलाचा खण उघडला, रुमाल सोडला, आणि मनाची समजूत घातली की निदान हे खोटं नाही. निदान पेशी तरी बाईंच्याच आहेत.

बाईंना हे ऐकून जे वाटलं त्याला राग म्हणणं थोडं होईल. परक्या माणसाने फसवलं असतं तर त्यांनी चार शिव्या हासडून विषय संपवला असता. इथे त्यांचीच शिकवण, त्यांचीच भेट, त्यांचाच गाल घेऊन त्यांना फसवलं होतं, आणि वर फसवणाऱ्याला वाटत होतं की आपण नियम पाळला.

"दुसऱ्या कुणाची लावली असतीस तर मला कळलंही नसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी आनंदाने घरी गेले असते आणि मरेपर्यंत तुझ्यावर विश्वास ठेवला असता. तेवढं तरी करायचंस."

बुडबुडी रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. लहानपणी रडवेली झाली तेव्हा त्यांनी तिची बाजू घेतली होती. आता घ्यावीशी वाटली नाही.

हे असं करायला तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. बुडबुडीने दाराकडे पाहिलं आणि मग नाइलाजाने सांगितलं. दादांनी. चार दिवसांपूर्वी निकाल आला, त्याच दिवशी ते येऊन बसले. आईला कळलं तर ती खचेल, खाणंपिणं सोडेल, कदाचित उपचारच घेणार नाही, मी तिला ओळखतो, असं म्हणाले. शल्यचिकित्सकांशीही त्यांचं बोलणं झालंय. पुढच्या आठवड्यात एक छोटीशी गाठ काढायची आहे एवढंच सांगून बाईंची सही घ्यायची ठरली आहे. प्रत्यक्षात गालाचा आतला बराच भाग काढावा लागेल, कदाचित जबड्याच्या हाडाचा तुकडाही. बोलणं पहिल्यासारखं राहील की नाही, ते आज कुणीच सांगू शकत नाही.

बाई आयुष्यभर बोलण्यावर जगल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर आपल्याला कळलं असतं. आरशात पाहून, किंवा पहिला शब्द उच्चारायला जाऊन. आणि तोवर सगळ्यांना ठाऊक असतं: डॉक्टरांना, नर्सना, सुनेला, तो मऊ भात रांधणाऱ्या हातांनासुद्धा. फक्त जिचा गाल, तिलाच नाही.

"आता माझी लाव," बाई म्हणाल्या.

बुडबुडीने डोळे पुसले आणि ट्रेमधून एक काच काढली. या वेळी ती बाजूला झाली नाही, समोरच्या जोडीला डोळे लावून तीही वाकली. बाईंना गुलाबी आणि निळसर हिरव्या रंगांत आपला आजचा गाल दिसला. पेशी लहान होत्या आणि एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. केंद्रकं फुगून पेशीभर झालेली, काळपट, एकीचा आकार दुसरीला नाही. एका पेशीत तर दोन केंद्रकं दाटीने बसलेली. बाईंनी स्लाइड सरकवली, पुन्हा सरकवली. कुठे कुठे मधूनच एखादी जुनी, पसरट, शहाणी पेशी दिसत होती, गर्दीत वाट चुकल्यासारखी. यातलं काहीच बाहेरून आलेलं नव्हतं. पेशी पेशीतूनच जन्मते. या सगळ्या त्यांच्याच गालाने जन्माला घातल्या होत्या, ज्या गालावर काडी फिरवून त्या पोरांना भिऊ नका म्हणत आल्या त्या गालाने. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं, कडेपासून कडेपर्यंत, पोरांना पाहायला लावायच्या तसं. मग चष्मा चढवला आणि जुनी स्लाइड मागितली.

बुडबुडीने ती लगेच दिली नाही. ती मुठीत धरून म्हणाली, की बाई, एवढी शिक्षा नको, मी ती इतकी वर्षं जपली आहे. बाईंनी हात पुढे केलेला होता, तो तसाच ठेवला. शेवटी काच त्यांच्या तळहातावर आली. त्यांनी ती पर्समध्ये ठेवली, उठल्या आणि दार ओढून बाहेर आल्या.

मुलगा बाकावरून उठला. त्याच्या हातावर त्यांची शाल नीट घडी करून ठेवली होती. चेहऱ्यावर हसू होतं. बाईंना वाटलं, त्याला एक संधी द्यावी. आई झाल्यावर एवढं तरी करावंच लागतं. बुडबुडीने तुला काही सांगितलं का, असं त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना. साधं तोंड आलंय. एक बारीकशी गाठ आहे, ती पुढच्या आठवड्यात काढून टाकू, की झालीस मोकळी," तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं मी, उगाच घाबरतेस?"

लहानपणी तो खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. पट्टी हरवली, दूध सांडलं, काहीही असो, बाई आधी कानांकडे पाहायच्या. आत्ताही त्यांनी पाहिलं. कान नेहमीसारखे होते. तो त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलला होता, आवाज जराही न हलवता, मायेने ओथंबून. हे त्याला इतकं छान जमतं हे त्यांना माहीत नव्हतं. कधीपासून जमतं, आणि याआधी कशाकशासाठी वापरून झालंय, हेही आता कधी कळणार नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत तोच इस्पितळातून येऊन त्यांना सांगायचा, बाबा आज हसले, बाबांनी तुझी आठवण काढली. त्या वाक्यांवर बाई इतकी वर्षं जगल्या होत्या.

"मी माझी स्लाइड पाहिली," बाई म्हणाल्या. "दोन्ही पाहिल्या."

त्याचं हसू काही क्षण चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग उतरलं. आई, तुझ्यासाठीच, असं काहीसं तो म्हणायला लागला. बाईंनी ऑपरेशनचं पुढचं बोलणं आपण स्वतः करू असं सांगितलं, आणि करायचं की नाही तेही आपणच ठरवू. त्याला काही विचारायचं नाही, काही सांगायचंही नाही. मग त्यांनी त्याच्या हातावरची शाल काढून घेतली.

बाई लिफ्टशी न थांबता जिन्याकडे वळल्या, तसा त्याने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला सुरुवात केली.